ओटा कुठे येणार, ते आधी सांगा

ऑलिंपिकसारख्या मोठ्या स्पर्धांसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या गावांबद्दल, म्हणजे ॲथलीट्स व्हिलेजबद्दल काही वाचायला मिळालं की मी आधी फ्लोअर प्लॅन शोधतो आणि त्यात स्वयंपाकघर कुठंय ते बघतो. बहुतेक वेळा नसतंच. कारण सरळ आहे, खेळाडू जेवतात एका भल्यामोठ्या डायनिंग हॉलमध्ये, तो दिवसरात्र चालू असतो, खोलीत फक्त झोपायचं, अंघोळ करायची, फार तर पाय वर करून पडायचं. मग बांधणारे काय करतात, खोल्या जास्तीत जास्त काढतात, जिथे उद्या हॉल येणार तिथे तात्पुरतं पार्टिशन टाकून दोन बेडरूम करतात आणि जिथे ओटा येणार तिथे पलंग लावतात. लंडनला २०१२ मध्ये असंच होतं, २,८१८ घरांचं गाव आणि स्पर्धेच्या काळात घरांत किचन नाहीत, खेळाडू गेल्यावर पार्टिशनं काढली, किचनं बसवली आणि २०१३ च्या शेवटी शेवटी पहिली माणसं राहायला आली. त्या भागाला आता ईस्ट व्हिलेज म्हणतात.

म्हणजे एकाच इमारतीचे दोन संसार. पहिला काही आठवड्यांचा, दुसरा पन्नास-साठ वर्षांचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ड्रॉइंग दुसऱ्यासाठी काढा आणि पहिल्याला त्यात बसवा. उलटं केलं की पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे नंतर येणाऱ्या कुटुंबाला कायम अडचणीचं घर मिळतं आणि ते असं का आहे हे त्यांना सांगायलाही कुणी उरलेलं नसतं.

मी प्रीफॅबमध्ये काम करतो, फॅक्टरीत खोल्या तयार करायच्या आणि साइटवर नेऊन जोडायच्या, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी आधी पाइपांचा आहे आणि मग बाकीचा. साध्या आरसीसी बिल्डिंगमध्ये भिंत फोडून पाइप फिरवता येतो, धूळ होते, शेजारी ओरडतात, पण होतं काम. मॉड्यूलमध्ये ती सोय नाही. मॉड्यूल म्हणजे फरशी, भिंती, छत, आतलं वायरिंग, टाइल्स, दरवाजे, सगळं फॅक्टरीतच पूर्ण करून ठेवलेली एक अख्खी खोली, ती ट्रेलरवरून जाणार म्हणून तिची रुंदी साधारण साडेतीन ते सव्वाचार मीटरच्या आसपासच राहते, लाकडी किंवा स्टीलची असेल तर वजन दहा-वीस टन, काँक्रीटची असेल तर तीस टनांच्या घरातही जातं आणि ती क्रेनला लटकते तेव्हा कुठला भाग किती ताण घेणार याचा हिशोब आधीच झालेला असतो. कुठल्या भिंतीला नंतर हात लावता येईल आणि कुठल्या नाही हे तेव्हाच ठरून जातं.

आणि पाण्याचं तर विचारूच नका. नळाचं पाणी प्रेशरवर चालतं, ते कुठेही वळवता येतं, पण सांडपाण्याला उतारच लागतो, मीटरला साधारण एक-दोन सेंटिमीटर. समजा शाफ्ट, म्हणजे पाइप वरखाली नेणारी पोकळी, खोलीच्या एका टोकाला आहे आणि ओटा नंतर दुसऱ्या टोकाला टाकायचं ठरलं, मध्ये चार मीटर अंतर, तर फरशीखाली चार ते आठ सेंटिमीटर नुसत्या उतारासाठीच पाहिजेत, वर पाइपाची स्वतःची जाडी. मॉड्यूलच्या फरशीत एवढी जागा सहज मिळत नाही आणि मध्ये जॉइस्ट, म्हणजे फरशी पेलणाऱ्या तुळया, आडवे येतात, ते कापता येत नाहीत. अशा ठिकाणी मग फरशीच वर उचलावी लागते. कामगारांच्या तात्पुरत्या खोल्यांचे फ्लॅट करायचे असं एक काम मी जवळून बघितलंय, त्यात पाइपचा विचार कुणीच आधी केला नव्हता आणि शेवटी ओट्यापाशी एक पायरी आली. पायरी छोटीच. पण तिथे राहायला येणार होती ती वयस्कर माणसं, रात्री पाणी प्यायला उठायचं तर त्या पायरीवरूनच.

चांगल्या कामात ही तयारी दिसत नाही, पण असते. पलंगाच्या डोक्याच्या बाजूला भिंतीवर एक कोरं झाकण असतं, चार स्क्रूंवर बसवलेलं, भिंतीच्याच रंगाचं. ते काढलं की आत गार पाण्याचं एक टोक, गरम पाण्याचं एक टोक आणि खाली ड्रेनचा जाड पाइप, तिन्हींना कॅप लावलेली, टेस्ट केल्याची तारीख मार्करने पाइपावरच लिहिलेली. शेजारी जंक्शन बॉक्स, त्यात जाड केबल गुंडाळून ठेवलेली कारण शेगडीचा लोड खोलीच्या साध्या सॉकेटवर चालणार नाही. वर धूर बाहेर जाण्यासाठी भिंतीत गोल भोक, आतून बाहेरून बंद केलेलं. खेळाडू तिथे झोपतो, मेडल जिंकतो किंवा हरतो, निघून जातो, त्याला याचा पत्ताही लागत नाही आणि लागायची गरजही नाही. महिन्याभराने प्लंबर येतो, झाकण काढतो आणि एका दिवसात तिथे सिंक बसतं. मला या कामात सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट कुठली विचारलं तर हे झाकण.

या सगळ्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कॅनडातलं व्हिसलर. २०१० चं विंटर ऑलिंपिक व्हँकुव्हरला झालं, डोंगरातल्या बऱ्याचशा स्पर्धा व्हिसलरला. तिथल्या ऑलिंपिक गावात काही घरं कायमची बांधली, त्या वस्तीला आता चीकामस क्रॉसिंग म्हणतात आणि तिथे मुख्यतः व्हिसलरमध्ये काम करणारी माणसं राहतात, कारण स्की रिसॉर्टच्या गावात काम करणाऱ्यालाच घर परवडत नाही अशी तिथली जुनी अडचण. पण नुसती तेवढी घरं पुरणार नव्हती, म्हणून जोडीला तात्पुरती मॉड्युलर युनिट आणली, तीनशेच्या वर. आता सर्वसाधारणपणे अशी युनिट नंतर भाड्याच्या यार्डात परत जातात किंवा खाणीवरच्या कँपला विकली जातात. इथे आधीच ठरलं होतं की ती ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांतातल्या सहा गावांत जाणार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी कायमची भाड्याची घरं होणार. सरे, चिलिवॅक, एंडरबी, सीशेल्ट, सानिच आणि चेटविंड, एकूण १५६ घरं. घरांच्या योजना बघणारी बीसी हाउसिंग ही प्रांताची संस्था, ऑलिंपिकची आयोजन समिती आणि ती गावं यांनी मिळून केलं.

आकडे नीट बघा, तीनशेच्या वर युनिट आणि घरं १५६. म्हणजे ढोबळमानाने दोन युनिटचं मिळून एक घर. हे मला फार आवडतं, कारण यात कुणी असा हट्ट धरला नाही की एका खेळाडूच्या खोलीत उद्या एक कुटुंब कोंबायचं. खोली खोलीसारखी आणि घर घरासारखं.

आणि ती गावं नकाशावर बघितली की अजून मजा कळते. सानिच व्हँकुव्हर बेटावर आहे, सीशेल्ट मुख्य भूमीवर असलं तरी तिथे रस्त्याने जाता येत नाही, म्हणजे या दोन ठिकाणी घर पाण्यावरून न्यायचं. चेटविंड पार उत्तरेला, रॉकी पर्वतरांगेच्या पलीकडे, तिथली थंडी सरेच्या पावसाळी हवेशी जुळतच नाही. एकच मॉड्यूल या सगळीकडे चालवायचं तर बर्फाचं वजन, इन्सुलेशन, भूकंपाचा हिशोब हे सगळं त्यातल्या सगळ्यात कडक जागेप्रमाणे धरावं लागतं, दुसऱ्या आयुष्यात ते नक्की कुठे जाणार हे माहीत असल्याशिवाय इंजिनियर हा हिशोब करूच शकत नाही. जागा नंतर बघू म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं, पत्ता माहीत नसेल तर मॉड्यूलचं डिझाइन अर्धवटच राहणार, त्यातली स्ट्रक्चरची शीट तर कोरीच.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ऑलिंपिकनंतर त्याच गावात पॅरालिंपिक होतं. म्हणजे व्हीलचेअर जाईल असे दरवाजे, वळायला जागा असलेलं बाथरूम, उंबरा नाही, अशी बरीच घरं पहिल्या दिवसापासून तशीच बांधावी लागतात. साध्या बिल्डरला हे करायला लावायचं तर किती भांडावं लागतं ते ज्यांनी भांडलंय त्यांना विचारा. इथे ते आपोआप येतं आणि नंतर राहणाऱ्यांत म्हातारी माणसं असली, कुणाला चालता येत नसलं, तर त्या रुंद दरवाजाचं मोल कळतं. रूपांतर करताना कधी कधी जागा वाचवायला हेच दरवाजे बारीक करायचा विचार पुढे येतो, तो तिथल्या तिथे थांबवला पाहिजे.

आता जोडाबद्दल थोडं, कारण मॉड्युलरमध्ये घर खराब होतं ते जोडातून. दोन मॉड्यूल शेजारी ठेवली की मध्ये दोन भिंती येतात आणि त्यांच्यात थोडी पोकळी. वरखाली ठेवली की खालच्याचं छत आणि वरच्याची फरशी, पुन्हा दुहेरी. आवाजासाठी हे उत्तम, शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही. पण ती पोकळी सगळ्या इमारतीभर सलग राहिली तर आग तिच्यातून वर चढते, म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक घराच्या सीमेवर ती फायर स्टॉपने, म्हणजे आग अडवणाऱ्या भरावाने, बंद करायची असते, आणि हे काम बाहेरून दिसत नाही, एकदा पॅनल बसलं की तपासता येत नाही. पाण्याचंही तसंच, क्रेनने मॉड्यूल लावत असताना वरचं छप्पर अजून आलेलं नसतं, त्या दोन दिवसांत पाऊस आला आणि ताडपत्री नीट बांधलेली नसली की पाणी त्या पोकळीत जाऊन बसतं, महिनोन् महिने सुकत नाही आणि नवीन घराला कुबट वास येतो.

आणि जी मॉड्यूल एकदा उचलून दुसरीकडे न्यायची, त्यांचा जोड तर सुटणारा हवा. बोल्ट असावेत, वेल्डिंग नको. फरशीवरचं लिनोलियम जोडाच्या रेषेवर वेगळ्या पट्टीने झाकलेलं असावं म्हणजे पट्टी काढली की फरशी न फाडता मॉड्यूल सुटं होतं. छताला उचलायचे हूक जिथे होते तिथे सीलंट भरून टाकतात, ते परत उघडता आलं पाहिजे. मी एक जोड सुटताना पाहिलाय, पट्टी निघाली, खाली बोल्टांची रांग, प्रत्येक बोल्टला ग्रीस, पान्याला सहज फिरले सगळे. ज्याने ते ग्रीस लावलं त्याला माहीत होतं की कुणीतरी कधीतरी हे उघडणार आहे.

ही कल्पना नवीन आहे असंही नाही. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये बॉल्डविन हिल्सवर खेळाडूंचं गाव उभारलं ते सुट्या भागांच्या पोर्टेबल कॉटेजचंच होतं, पाचशेच्या वर कॉटेज, फक्त पुरुषांसाठी, बायका खेळाडूंना विल्शायर बुलेव्हार्डवरच्या चॅपमन पार्क हॉटेलात ठेवलं होतं. स्पर्धा संपली, कॉटेज विकली, गाव मोकळं. पण ते विकणं होतं, राहण्याची योजना नव्हे. सिडनीला २००० मध्ये न्यूइंग्टनच्या वस्तीत कायमच्या घरांच्या जोडीला तात्पुरती मॉड्युलर घरं होती, ती नंतर हलवली.

दुसरा राहणारा आधी ठरवा म्हणतोय मी, पण त्याचीही एक वेगळी बाजू आहे. १९८० ला लेक प्लॅसिडच्या विंटर ऑलिंपिकचं गाव बांधतानाच ठरलं होतं की नंतर तिथे तुरुंग होणार. झालाही, रे ब्रूकचा फेडरल तुरुंग, अजून चालू आहे. पैशाच्या दृष्टीने सरळ हिशोब. पण खेळाडूंना त्या कोंदट खोल्यांमध्ये राहावं लागलं आणि त्यांनी तक्रारी केल्या, ज्या रास्तच होत्या. तेव्हा दुसऱ्यासाठी ड्रॉइंग काढा याचा अर्थ पहिल्याला कसंही कोंबा असा नाही. दुसऱ्या राहणाऱ्यासाठी चांगलं घर काढलं की खेळाडूलाही ते चांगलंच मिळतं, कारण उजेड, वारा, शांतता दोघांनाही सारखीच लागते.

मॉड्यूल सगळीकडे चालतं असंही मी म्हणणार नाही. डोंगरात, जिथे बांधायचा सीझन छोटा, तिथे उत्तम, कारण खाली फाउंडेशन चालू असताना फॅक्टरीत वरच्या खोल्या तयार होतात. शहराच्या मधोमध कायमची वस्ती करायची तर अख्ख्या खोल्यांपेक्षा तयार पॅनल आणि तयार बाथरूम जास्त बरी पडतात असं माझं मत. पॅरिसला २०२४ मध्ये सेन नदीच्या काठी सेंट-डेनिस, सेंट-ऊएन आणि इल-सेंट-डेनिस या भागांत गाव बांधलं, २८ मीटरपेक्षा कमी उंचीच्या इमारतींत स्ट्रक्चर लाकडाचं, एसीऐवजी जमिनीतून येणाऱ्या गार पाण्याने फरशी थंड ठेवायची सोय. काही देशांच्या पथकांनी तरी पोर्टेबल एसी मागवलेच, त्यावर बरीच चर्चा झाली, पण तिथे उद्या वीज बिल भरणार आहे ते तिथलं कुटुंब, त्यामुळे मला तो निर्णय पटतो. मिलानला २०२६ साठी पोर्ता रोमानाच्या जुन्या रेल्वे यार्डात सहा इमारती बांधल्या, बाहेरची पॅनलं फॅक्टरीत बनवलेली, १,७०० बेड, आणि नंतर विद्यार्थ्यांचं हॉस्टेल. इथे रूपांतर सोपं का, तर खेळाडूची खोली आणि विद्यार्थ्याची खोली यात फरकच थोडा, दोघांनाही पलंग, टेबल, बाथरूम आणि मजल्यावर एक बसायची जागा. त्याच ऑलिंपिकसाठी कोर्तिनाला मात्र फियामेसमध्ये मोबाइल होम ठेवली, ती काढून न्यायची म्हणूनच आणलेली. एकाच स्पर्धेत दोन वेगळी उत्तरं आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर.

घर तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही बाकीच्या गोष्टींनी फसतं. व्हँकुव्हर शहरातल्या फॉल्स क्रीकच्या गावात मंदीत कर्ज देणाऱ्याने हात आखडता घेतला आणि शहरालाच पैसे घालावे लागले. रिओला ३१ टॉवर आणि ३,६०४ फ्लॅट बांधले, ऑस्ट्रेलियाच्या पथकाने तुंबलेली टॉयलेटं आणि गळके पाइप बघून सुरुवातीला राहायलाच नकार दिला आणि स्पर्धेनंतर फ्लॅट वर्षानुवर्षं विकले जाईनात. टोकियोच्या हारुमी फ्लॅगमध्ये, म्हणजे तिथल्या खेळाडूंच्या गावाची जी वस्ती झाली तिच्यात, ५,६३२ घरं, त्यातली काही २०१९ मध्येच विकली, मग कोविडमुळे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं आणि ज्यांनी २०२३ ला राहायला जायचं म्हणून बाकी सगळं ठरवलं होतं त्यांचा ताबा पुढे ढकलला गेला, काही जण कोर्टात गेले. मुलाची शाळा, जुन्या घराचा करार, कर्जाचे हप्ते, हे सगळं एका तारखेवर अवलंबून असतं. त्या लोकांचं मला अजून वाईट वाटतं, कारण कुठल्याच बैठकीत त्यांची खुर्ची नव्हती.

दिल्लीच्या १९८२ च्या एशियाड व्हिलेजचं नाव इथे घ्यायलाच हवं, आर्किटेक्ट राज रेवल यांनी सिरी फोर्टजवळ केलेलं. ते आधीपासून वस्ती म्हणूनच आखलेलं होतं, बुटकी घरं, मध्ये चौक, चौकातून चौकात जाणाऱ्या गल्ल्या, गच्च्या. मॉड्युलर नाही, पण खेळ संपल्यावर तिथे माणसं कशी चालतील, कुठे बसतील याचा विचार प्लॅनमध्येच दिसतो.

आणि म्युनिक. १९७२ च्या गावात महिला खेळाडूंसाठी काँक्रीटच्या तयार भागांची छोटी छोटी बैठी घरं होती, नंतर ती विद्यार्थ्यांना दिली. विद्यार्थ्यांनी काय केलं तर प्रत्येकाने आपापल्या दाराची भिंत रंगवली, कुणी चित्र काढलं, कुणी नुसता पिवळा रंग फासला. पस्तीसेक वर्षांनी ती घरं इतकी खराब झाली की दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तेव्हा बहुतेक पाडून त्याच जागी, त्याच आखणीत पुन्हा बांधली, हजाराच्या वर, आणि भिंत रंगवायची मुभा तशीच ठेवली. एकसारख्या खोल्यांची वस्ती म्हटलं की लोक नाक मुरडतात ना, त्यांनी तिथले फोटो बघावेत.

शेवटची एक गोष्ट, जी कुठल्याच बजेटमध्ये मला दिसत नाही. पहिला कॉन्ट्रॅक्टर स्पर्धा संपली की जातो. रूपांतर करणारा वेगळाच असतो, आणि वीस वर्षांनी बाथरूम बदलायला येणारा प्लंबर तर तिसराच. प्रत्येक मॉड्यूलला नंबर हवा आणि त्या नंबरचं, जसं बांधलं तसंच काढलेलं ड्रॉइंग हवं, कुठल्या भिंतीत काय आहे, कुठली भिंत कापता येते, झाकणामागे कुठली टोकं आहेत, फायर स्टॉप कुठे भरलाय. ऑफिसच्या सर्व्हरवर तर हवंच, पण त्याची एक लॅमिनेट केलेली कॉपी त्या घराच्या स्विचबोर्डच्या दाराला आतून चिकटवलेली पाहिजे. ज्या कामात माझं मत चालतं तिथे मी हे करून घेतो, आणि ज्या टेंडरमध्ये हे नसेल तिथे लेखी मागतो.